गोव्यातल्या म्हापशात स्वस्तात पोटभर मोमो-नूडल्स खायचे असतील तर

सुरुवातीलाच सांगतो, एसी, गुळगुळीत मेन्यूकार्ड आणि "सर, पाणी साधं की बिसलेरी" विचारणारा वेटर हवा असेल तर पुढे वाचू नका, वेळ जाईल तुमचा. पण खिशात दोनशेची नोट आहे, भूक कडकडून लागलीय, रोजच्या पातळ भाजी-पावाचा आणि रस ऑमलेटचा कंटाळा आलाय, तर म्हापसा बाजार आणि बस स्टँड यांच्या मधल्या गल्लीतल्या त्या गाळ्यात जा. पाटीवर नाव वगैरे काही नाही, फक्त मोमो, नूडल्स, थुक्पा असं लिहिलंय आणि तेही वाफेने अर्धं पुसलंय. शोधायची खूण म्हणजे बाहेर स्कूटरींची गर्दी आणि दारातच धुरासारखी वाफ सोडणारा ॲल्युमिनियमचा मजल्यावर मजले चढवलेला स्टीमर.

आत मोजून पाच टेबलं, वर एक पंखा जो फिरतो पण वारा तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. पद्धत अशी की आधी काउंटरवर जाऊन ऑर्डर सांगायची, पैसे द्यायचे (गुगल पे चालतं), मग जिथे जागा दिसेल तिथे घुसायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. पाणी स्वतः जगमधून ओतून घ्यायचं. काउंटरवरची दीदी कालिंपाँगकडची आहे, म्हापशात इतकी वर्षं झालीत की गिऱ्हाईक दिसलं की सरळ कोंकणीत विचारते "हांगा काय पार्सल?" (इथे खाणार की पार्सल) आणि तेही अशा डोंगरी हेलात की ऐकायला मजा येते. सगळे तिला दीदीच म्हणतात, सत्तर वर्षांचे भाटकार (जमीनदार) पण.

आता मुख्य गोष्ट, स्टीम मोमो. आठची प्लेट, व्हेज सत्तर, चिकन शंभर, पोर्क एकशेवीस. इथे पारी फ्रीजरच्या पाकिटातून येत नाही, मागच्या ओट्यावर दोन मुलं दिवसभर लाटत असतात आणि हे तुम्हाला टेबलावर बसून दिसतं. मैदा आणि पाणी, बस, दुसरं काही नाही, पण पीठ बराच वेळ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं असतं त्यामुळे लाटताना आखडत नाही. छोटं लाटणं फक्त कडेकडेने फिरवतात, मधला भाग जाड ठेवतात, म्हणजे खालून सारण फुटून बाहेर येत नाही आणि वर चुण्या एकत्र आल्या तरी तिथे पिठाचा गोळा होत नाही. आपल्याकडे मोदकाच्या कळ्या पाडतात तसंच आहे हे, फक्त यांचा हात इतका फास्ट की एक मोमो वळून होईपर्यंत तुम्ही नीट बघताय बघताय तोवर दुसरा ताटात.

चिकनवाल्यात कोबी, कांदा, आलं, कोथिंबीर, आणि कोबी मीठ लावून पिळून घेतलेला असतो, नाहीतर पाणी सुटून पारी फाटते, बऱ्याच गाड्यांवर हेच करत नाहीत आणि मग बशीत मोमो कमी आणि तळं जास्त. पण खरं सांगू का, इथला राजा पोर्क आहे. चिकनला स्वतःची चरबी फारशी नसते, वाफेवर ते कोरडं पडतं, पोर्कचा खिमा मात्र आतल्या आत वितळतो आणि पहिल्या घासाला गरम रस बाहेर येतो (शर्ट सांभाळा, सफेद असेल तर जास्तच). उत्तर चीनमध्ये नवीन वर्षाच्या रात्री घरातले सगळे मिळून जे डंपलिंग वळतात, च्याओत्झ, त्यातलं नेहमीचं सारण पण पोर्क आणि कोबीच असतं, तेव्हा ही जोडी काही उगाच जमलेली नाही. आमच्या घरी पोर्क चालत नाही, म्हणून मी तिथेच बसून खाऊन घरी येतो आणि बायको वास बरोबर ओळखते.

आणि चटणी! यावर स्वतंत्र परिच्छेद लिहायलाच हवा. बहुतेक ठिकाणी मोमोबरोबर ती लालभडक, नुसती तिखट, जीभ जाळणारी शेजवान टाईप पेस्ट देतात. इथली टोमॅटोची आहे, थोडा तीळ, लसूण, सुकी मिरची, आणि खाल्ल्यावर काही सेकंदांनी जिभेला मुंग्या येतात, ओठ हलकेच बधीर. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी थांबलो, म्हटलं हा वास तर ओळखीचा आहे, हा तर बांगड्याच्या उडदमेथीतला! विचारलं तर दीदीने कपाटातून बरणी काढून दाखवली, आत काळपट फुटलेली बारीक फळं, बी काढून नुसती सालं ठेवलेली. तिच्याकडे याला तिमूर म्हणतात, नेपाळातून येतं. आपल्या उडदमेथीत पडतं ते तिरफळ त्याचंच भावंड, एकाच कुळातलं, आणि चीनच्या सिचुआनमध्ये जी बधीर करणारी मिरी घालतात ती पण त्यातलीच. म्हणजे हिमालयातली चटणी खाऊन गोंयकाराला आईच्या हातचं माशाचं हुमण आठवतं, हे कुठल्या फ्यूजनवाल्या शेफला जमलं असतं का? चटणी परत मागितली तर वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त एकदा डोळे वटारून बघतात.

टेबलावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये हिरव्या मिरच्यांचे तुकडे घातलेली बाटली पण असते, सगळ्या चायनीज गाड्यांवर असते तीच. पोर्कवर ते दोन थेंब छान लागतं. चीनमध्ये याच कामाला तांदळाचं काळं व्हिनेगर वापरतात, ते गोडसर असतं, इथे या भावात त्याची अपेक्षा करू नका.

वीस रुपये जास्त देऊन कोथे मिळतात, म्हणजे मोमो तव्यावर एका बाजूने भाजायचे, मग पाणी शिंपडून झाकण, की खालून खरपूस आणि वरून मऊ. संध्याकाळी सातच्या आधी मागा, नंतर गर्दी वाढली की तव्यावरचा मुलगा घाई करतो आणि एक बाजू करपते. पूर्ण तळलेले पण आहेत पण ते मी सांगणार नाही, एवढी पातळ पारी तेलात घालून कडक करायची तर मग समोसाच खा ना.

नूडल्सचं म्हणाल तर दोन भाग करा. सूपवाले, म्हणजे थुक्पा, आंख मिटून घ्या. चिकन थुक्पा एकशेतीस, वाडगा असा भरलेला की मध्यम भुकेची दोन माणसं वाटून खातील. रस्सा हाडांचा आहे, क्यूबचा नाही, हे गार होताना कळतं, वर चरबीचे छोटे डोळे जमतात आणि ओठ किंचित चिकट होतात. पावसाळ्यात, अंगावरचा रेनकोट गळत असताना, यापेक्षा बरं काही मला तरी म्हापशात माहीत नाही. मागे माझ्यासमोर बाजारात भाजी विकणारी एक बाई बसली होती, तिने पिशवीतून पोई (आपला गोव्याचा कोंड्याचा पाव) काढली, मोडून सरळ थुक्प्यात बुडवली आणि नूडल्सकडे ढुंकून न बघता आधी रस्सा-पोई संपवली. तेव्हापासून मी पण पोई घेऊन जातो, दीदी काही बोलत नाही. सुके नूडल्स मात्र सो-सो. सोया सॉस जास्त, भाज्या कमी, नव्वद रुपयात पोट भरतं एवढंच. वाँटन सूप एकदा घेतलं, मीठ इतकं की अर्धा जग पाणी प्यालो.

मंचुरियन, ट्रिपल राईस, चायनीज भेळ यातलं इथे काहीही नाही, आणि कोणी मागितलं की दीदी नुसती मान हलवते. मला यात काही वाईट वाटत नाही. मंचुरियन तसंही चीनचं नाहीच, १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून ते केलं असं सांगतात. आणि गोबी मंचुरियनची तर आपल्या गोव्यात काय शोभा झाली ते माहीतच आहे, २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या जत्रेत त्या स्टॉलांवर गदा आली, २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने बंदीचा ठरावच केला, कारण रंग आणि अस्वच्छता. त्यावरून देशभर हसले लोक आपल्याला, पण जत्रेत तो भडक लाल फ्लॉवर खाऊन ज्याची बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत गुलाबी राहिलीत त्याला विचारा. इथे रंग नाही, चटणीचा लाल तो टोमॅटो-मिरचीचा. अजिनोमोटो घालतात का? घालत असतील थोडं, मी विचारलं नाही, मला त्याचं एवढं भय वाटत नाही. जपानच्या इकेदा नावाच्या प्रोफेसरांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून अजिनोमोटोची ती चव देणारा पदार्थ वेगळा काढला, तोच पदार्थ पिकलेल्या टोमॅटोत पण असतो, आणि टोमॅटो सार आपण ओरपून पितोच की.

आता तक्रारी. टेबल पुसायचं फडकं एकच आणि ते सगळीकडे फिरतं, मी स्वतःचा रुमाल मारतो. हात धुवायच्या बेसिनला साबण असला तर नशीब. वाफ आणि तव्याचा धूर यात अर्धा तास बसलात की केसांना, कपड्यांना वास, तिथून थेट कोणाच्या घरी जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये तर आत भट्टी असते, तेव्हा बाहेर स्कूटरवर प्लेट ठेवून खाणारेच जास्त. आणि पार्सल अजिबात घेऊ नका! प्लास्टिकच्या डब्यात वाफेचं पाणी होऊन मोमो एकमेकांना चिकटतात, उचलायला गेलं की पारी खाली आणि गोळा हातात, आणि गार झाल्यावर ती पारी अशी वातड होते की चावताना राग येतो. पदार्थच तो, तिथल्या तिथे संपवायचा.

स्वस्त कसं परवडतं हे मला कोडं होतं, पण बसून बघितलं की उलगडतं. मेन्यू एवढुसा, सगळं मैदा-कोबी-खिमा यातूनच फिरतं, त्यामुळे रात्री काही फेकावं लागत नाही. माणूस पंधरा-वीस मिनिटांत खाऊन उठतो कारण आरामात बसावं असं तिथे काहीच नाही. गोव्यात असून बिअर पण ठेवत नाहीत, ठेवली असती तर प्रत्येक टेबल दोन तास अडकलं असतं. किनाऱ्याकडच्या एका फॅन्सी जागी ऑफिसच्या पार्टीला बांबूच्या टोपलीत पाच डंपलिंग साडेचारशेला खाल्ली होती, वर टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगळा, दिसायला फोटोत छान, पण आतलं कोळंबीचं सारण मधोमध अजून थंड. म्हणून महाग तेवढं चांगलं हे मी तरी मानत नाही, निदान मोमोच्या बाबतीत.

जायचं असेल तर शुक्रवार टाळा, बाजाराचा दिवस, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी लावायची तर कोर्टाकडे सोडून चालत यावं लागतं. बाकी दिवशी दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी साडेपाचपासून संपेपर्यंत, आणि पोर्क आठ-सव्वाआठला संपतं म्हणजे संपतंच. शिवराक (शाकाहारी) लोकांसाठी: व्हेजचा मजला स्टीमरमध्ये सगळ्यात वर असतो म्हणजे मांसाचं पाणी त्यावर गळत नाही, पण भांडं एकच, तेवढं चालत असेल तरच या. आणि सोमवारी व्हेज खायला येणार असाल तर लवकर या, अर्ध्या म्हापशाचा शिवराक वार असतो, सात वाजले की दीदी व्हेजच्या पाटीवर खडूने फुली मारते.