बेचाळीस पात्यांचा रोटाव्हेटर आणि गिअर बॉक्समधला भुसा

१४ क्विंटल सोयाबीन ४,१५० च्या भावानं आडतीला घातलं. ५८,१०० रुपये आले. त्यातले ५८,००० मी दोन दिवसांत एका माणसाच्या हातात नेऊन दिले, आणि त्या बदल्यात जुना रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार, म्हणून निळा रंग मारलेलं भंगार घरी आणलं. लिहायची लाज वाटते. घरात आजही हा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो. पण आता परत हंगाम येईल, परत कुणीतरी सोयाबीनचे पैसे खिशात घालून त्या रस्त्याला जाईल, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

आधी हे सांगतो, मी नवखा नाही. ट्रॅक्टर २०१९ पासून माझ्याकडे आहे, तोही जुनाच घेतलेला, आणि तो आजवर नीट चालला. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात सहा एकर काळं रान आहे. सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान मोकळं करायला आठ-दहा दिवस मिळतात. वाफसा, म्हणजे मशागतीला लागणारी बेताची ओल, गेला की ढेकळं पडतात, मग काही खरं नाही. भाड्याच्या रोटाव्हेटरवाला तेव्हा एकरी १,५०० घेत होता आणि ऐन वेळी फोन उचलत नव्हता. सहा फुटी नवा घ्यायचा तर सव्वा लाखाच्या घरात जात होता. सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून दोन वर्षं झाली होती, सोडतीत नाव निघालं नव्हतं. मग जुना बघण्याशिवाय माझ्यासारख्यानं काय करायचं होतं? 'स्वस्ताच्या मागं लागला म्हणून फसला' असं मला तोंडावर म्हणणारे भेटले. त्यांनी एकदा आमच्या रानात येऊन हिशेब मांडून दाखवावा.

माल शेजारच्या जिल्ह्यात, हमरस्त्याला लागून असलेल्या एका यार्डात होता. नांगर, मोगडे, पेरणी यंत्रं, सात-आठ रोटाव्हेटर रांगेत उभे. मध्ये दलाल होता, माझ्या मावसभावाचा मेहुणा. नात्यातला माणूस, म्हणून मी चार ठिकाणी चौकशी केली नाही. त्याची दलाली १,५०० रुपये. यार्डवाल्यानं ७२,००० सांगितले, ५८,००० ला तोडलं. आधी १०,००० फोनवरून टाकायला लावले. बाकीचे रोख आणा म्हणाला. 'आचारसंहिता चालू हाय मालक, पन्नास हजाराच्या वर रोकड धरत्यात, तुमी अठ्ठेचाळीसच आणा.' त्या वेळी मला वाटलं, माणूस आपली काळजी करतोय. आज कळतं, ४८,००० चा कुठंही कागद राहू नये एवढीच त्याची काळजी होती. फोनवरचे १०,००० ज्या खात्यात गेले ते नाव यार्डाच्या पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. मी विचारलं. 'घरच्यांचं खातं हाय' म्हणाला. मी गप्प बसलो.

२३ ऑक्टोबर २०२४, बुधवार. पिकअप २,८०० रुपये भाड्यानं करून गेलो. रोटाव्हेटर बाहेरून बघाल तर नव्यासारखा. बेचाळीस पाती, सगळ्यांना धार, फ्रेमला निळा रंग, नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर. यार्डवाल्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरला लावून चालवून दाखवला, पण लिफ्टवर उचलून, हवेत आणि हळू. रेस वाढवा म्हणालो तर 'कशाला डिझेल जाळायचं, आवाज ऐका की, शिलाई मशीन हाय.' खरंच आवाज नव्हता. जुन्या गिअर बॉक्सचा थोडा तरी घरघराट येतो. इथं काहीच नाही, आणि ह्याच गोष्टीवर मी खूश झालो.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही तो सांगतो. मी खाली वाकून गिअर बॉक्सचा ऑइलचा बोल्ट बघत होतो. बोल्टच्या फटीत रंग भरलेला होता, म्हणजे रंग मारल्यापासून तो कुणी उघडलेला नव्हता. मी म्हणालो, 'हा उघडून दाखवा, ऑइल बघू.' तो म्हणाला, 'पाना पोरानं गावात नेलाय मालक, ऑइल कालच बदललंय, नव्वद नंबर टाकलंय.' कालच बदललंय! आणि बोल्टवरचा रंग सगळीकडं सारखा सुकलेला. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर, एक हात अंतरावर होत्या. पिकअपवाल्याच्या सीटखाली पान्यांची पिशवी होती. सत्तर किलोमीटर मी त्या पिशवीवर पाय ठेवून बसून आलो होतो. चार पावलं चालून पाना आणला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दलाल मागून म्हणाला, 'दाजी, माणसावर विश्वास ठेवा की जरा.' पाव्हण्याचा मान ठेवला आणि पैसे मोजले.

जुन्या औजाराच्या यार्डात पाना नाही असं होतच नाही. कुणी असं म्हणालं तर तिथूनच माघारी फिरा.

२५ तारखेला रानात घातला. पहिला एकर बरा गेला. दुसऱ्यात तासाच्या शेवटी वळताना कडकड आवाज यायला लागला. वाटलं, दगड आला असेल. दोन एकर पुरे होतात न होतात तोच मोठा आवाज झाला आणि रोटर थांबला. उतरून बघितलं तर गिअर बॉक्सच्या खालच्या अंगाला बोटभर लांब भेग पडलेली, आणि त्यातून ऑइल नाही, करड्या रंगाचा चिखलासारखा गोळा बाहेर येत होता. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बोट आत घालून तो गोळा काढला, अंगठ्यानं चोळला आणि माझ्यापुढं धरला. ग्रीसमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवलेला होता. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला भुसा भरतात. हवेत चालवला तर शिलाई मशीन, आणि मातीचा भार पडला की दोन एकरांत खेळ खलास. भेग तर जुनीच होती, वेल्डिंग फिरवून वरून पुटी घासून रंग मारलेला. खिशात चुंबक असतं तरी कळलं असतं. पुटीवर चुंबक धरत नाही.

पात्यांची धारही खोटी. झिजलेल्या टोकांना वेल्डिंगचा भर देऊन ग्राइंडर मारलेला. दोन एकरांत अकरा पात्यांची टोकं उडाली. अशी पाती चालू रोटरवरून निसटली तर मागं उभ्या माणसाचं काय होईल? माझा पुतण्या त्या दिवशी बांधावर उभा होता. पैशांपेक्षा मला ह्याचाच राग जास्त येतो. पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, गार्डही नव्हतं, मी ते नंतर बसवू म्हणालो होतो. बसवल्याशिवाय चालवू नका. शाफ्टला उपरणं, पदर, धोतराचा सोगा गुंतला तर माणूस वाचत नाही.

मिस्त्रीनं ८०० रुपये घेऊन सगळं खोललं. लातूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन दाखवलं, तर तो म्हणाला, 'हा बॉक्स ह्या फ्रेमचा नाहीच.' फ्रेमचा निळा रंग खरवडला तर खाली लाल निघाला. प्लेटवरचा नंबर कंपनीला कळवला, तर तो पाच फुटी, छत्तीस पात्यांच्या मशीनचा निघाला. तीन मशीनची हाडं जोडून एक केलेलं. दुरुस्तीचा अंदाज असा: क्राउन-पिनियन ७,८००, बेअरिंग आणि सील ३,६५०, बॉक्सची बॉडी ९,२००, बेचाळीस पाती ५,०४०, मजुरी ३,५००. एकूण २९,१९०. मी केली नाही. उरलेले चार एकर शेवटी भाड्यानंच करून घेतले, त्याचे ६,००० गेले. खिशातून आजवर गेलेले ६९,१००. दुसऱ्यांची बावीस एकरांची कामं घेतली होती, ती गेली ती वेगळीच.

आमचे आण्णा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी उभ्या आयुष्यात हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून चार देवणी जोड्या आणल्या. बैलाचं तोंड उघडून दात मोजल्याशिवाय आणि गाडीला जुंपून चालवल्याशिवाय त्यांनी कधी सौद्यासाठी रुमालाखाली हात दिला नाही. चौथ्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, 'रानात चालवून बघायचा होता रे.' खरं आहे. मातीत, पूर्ण रेसवर, पंधरा मिनिटं. नंतर बॉक्सवर तळहात ठेवायचा. हात टेकवत नसेल इतका तापला तर सोडून द्यायचा. रोटर हातानं हलवून बघायचा, खडखड हलला तर बेअरिंग गेलेलं असतं.

यार्डवाला फोनवर म्हणाला, 'जुना माल हाय, जसा हाय तसा दिलाय, चिठ्ठीवर बघा.' चिठ्ठी म्हणजे वहीचं अर्धं पान. त्यावर 'जुने औजार जसे आहे तसे' एवढंच. सही कुणाची ते वाचता येत नाही.

मग सुरू झाली वणवण. २८ ऑक्टोबरला आमच्या पोलीस ठाण्यात गेलो. 'माल तिकडं घेतला, हद्द तिकडची.' मी म्हणालो, साहेब, नवीन कायद्यात हद्द नसली तरी शून्य नंबरनं गुन्हा घेता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. अंमलदारानं माझ्याकडं असं बघितलं की जणू गुन्हा मीच केलाय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यात गेलो. 'दिवाळी झाल्यावर या.' दिवाळी झाली. 'निवडणुकीचा बंदोबस्त आहे, वीस तारखेनंतर या.' मतदान झालं. 'निकाल लागू द्या.' २३ नोव्हेंबरला निकालही लागला. २६ ला परत गेलो तर साहेब म्हणाले, 'हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? प्रत्येक खेपेला माझी दिवसाची मजुरी, गाडीचं पेट्रोल, आणि बाकावर दोन-दोन तास बसून राहणं. भुसा काय आपोआप आत जातो का? दुसऱ्या मशीनची नंबर प्लेट काय वाऱ्यानं येऊन चिकटते? जाणूनबुजून केलेलं आहे हे, न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली सरळ फसवणूक. मी भुशाची पिशवी टेबलावर ठेवली तर 'हे उचला, घाण करू नका' म्हणाले. पुरावा होता तो.

कृषी कार्यालयात गेलो. 'अनुदानाचं औजार असतं तर आम्ही बघितलं असतं. जुन्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही.' मग कुणाचा संबंध आहे? ट्रॅक्टरला आरसी बुक असतं, आरटीओत नाव लागतं. रोटाव्हेटरला, नांगराला, मोगड्याला काहीच नाही. मालक कोण, माल चोरीचा की कुणाच्या अनुदानाचा, हे सांगणारा मूळ बिलाशिवाय एकही कागद नाही. लाखाची वस्तू मेंढरासारखी हातोहात विकली जाते. म्हणून सांगतो, मूळ मालकाच्या नावाचं बिल दाखवलं नाही तर हात लावू नका. प्लेटवरचा नंबर आधी कंपनीच्या डीलरला फोन करून विचारा, मग भाव करा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला. त्यांनी निदान नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नाव, जीएसटी नंबर, बिल मागितलं. माझ्याकडं अर्धं पान. एक वकील म्हणाले, तुम्ही भाड्यानं चालवणार होता, म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही. दुसऱ्या वकिलांनी सांगितलं की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी महिनाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या. ५ डिसेंबरला पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. पोच आली, उत्तर नाही. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं, त्याचे वकील १५,००० सांगतात. आयोगाचे कागद मी स्वतः तयार करतोय. फोनवरचे ते १०,००० एवढाच माझ्या हातातला पक्का पुरावा आहे. सगळे ५८,००० तसेच टाकले असते तर! रोख मागणाऱ्याला जुन्या औजारासाठी एक रुपयाही देऊ नका, मग तो पाव्हणा असो की आणखी कुणी.

मागच्या आठवड्यात दलालाचा फोन आला. यार्डवाला २२,००० ला माल परत घ्यायला तयार आहे म्हणे. 'दाजी, घरात पडून राहण्यापरीस बरं. तो रंगरंगोटी करून काढील कुणाच्या तरी गळ्यात.' पैशांची गरज आहे, सोसायटीचा हप्ता डोक्यावर आहे. बायकोला विचारलं. ती म्हणाली, 'त्यो कुणीतरी बी आपल्यावानीच सोयाबीन इकून येणार.' दलालाला नाही म्हणून सांगितलं. रोटाव्हेटर गोठ्यामागं उभा आहे, आणि खरवडलेल्या जागेचा रंग मी तसाच ठेवलाय.