कागद तपासायचं किट : कोकणच्या दमट हवेत कितपत चालतं?

अंगठ्याएवढी तपकिरी काचेची बाटली, आत पाच मिली जवळजवळ रंगहीन द्रव, एक रंगपत्रिका, दोन-चार प्लास्टिकच्या नळ्या आणि हातमोज्यांची एक जोडी. ‘एर्लिक टेस्ट किट’ या नावाने मिळणाऱ्या मालात बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. सुट्टीला किनाऱ्यावर उतरणाऱ्या टोळक्यांत ‘स्टॅम्प’, ‘पेपर’ किंवा नुसता ‘कागद’ म्हणून फिरणारा चौकोनी तुकडा खरंच एलएसडी (भास घडवणारं नशेचं रसायन) आहे की दुसरंच काही, हे पाहायला लोक ते मागवतात. दहापैकी सहा गुण. जे एक काम त्याला येतं ते बऱ्यापैकी करतं. उरलेले चार गुण विक्रेत्यांच्या जाहिरातीने आणि आपल्याकडच्या हवेने खाल्ले.

द्रव कसला, ते आधी. पी-डायमिथाइलअमिनोबेंझाल्डिहाइड नावाची पूड अल्कोहोल आणि हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेली असते. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाचं (1908 चं नोबेल) नाव त्याला चिकटलंय. पॅथॉलॉजी लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञांना हे नाव नवं नाही. काविळीच्या रुग्णाच्या लघवीत युरोबिलिनोजेन पाहायला हेच वापरायचे. रेणूत ‘इंडोल’ नावाची जोडकडी असेल तर हा द्रव जांभळा होतो. एलएसडीत ती कडी आहे. एनबोम कुळात नाही. किटची सगळी अक्कल एवढीच.

आणि एनबोम हेच ते ‘दुसरंच काही’. 25आय-एनबीओएमई हा त्या कुळातला सर्वांत बदनाम रेणू. 25बी आणि 25सी ही त्याची भावंडं. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांच्या 2003 च्या पीएच.डी. प्रबंधातून हे कुळ पुढे आलं. मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन जिथे चिकटतं त्या 2ए ग्राहींचा अभ्यास करायला ते बनवलं होतं, माणसाने तोंडात ठेवायला नव्हे. 2010 च्या आसपास ते बाजारात आलं, कागदावर चढलं आणि एलएसडी म्हणून खपू लागलं. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही तिन्ही भावंडं मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या 1971 च्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीत टाकली. माणसावर त्याचं काय होतं याची माहिती मुख्यतः विषबाधेच्या रुग्णांच्या नोंदींतून आणि शवविच्छेदनांतून आलेली आहे. किती घेतलं तर ‘चालतं’ याचा कुठलाही भरवशाचा आकडा नाही.

कागदावर ते मावतं कसं, यासाठी मिठाचं उदाहरण बरं. शिरोड्याच्या मिठागरातला जाडा खडा नको, डबीतलं बारीक मीठ घ्या. त्याचा एक कण साधारण 60 मायक्रोग्रॅम भरतो. एनबोमचे परिणाम काहीशे मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमीत दिसतात, म्हणजे मिठाचे जेमतेम पाच-दहा कण. एवढं वजन स्वयंपाकघरातल्या किंवा सोनाराच्या काट्यालाही नीट कळत नाही. कागद रसायनात बुडवून वाळवताना एका कोपऱ्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मं साचणं सहज होतं. एकाच पट्टीतल्या दोन चौकोनांनी दोन माणसांचं वेगवेगळं का होतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

आता वापर. पांढरी चिनीमातीची बशी घ्यावी. स्टीलची ताटली नको, आम्ल तिला डाग पाडतं. शहाबादी लादीवर तर मुळीच नको. तो चुनखडीचा दगड, थेंब पडला की फसफसतो आणि कायमचा पांढरा चट्टा राहतो. हातमोजे घालून स्वच्छ कात्रीने कागदाचा कोपरा कापायचा, तीळभर पुरे. तो बशीत ठेवून त्यावर एक थेंब, आणि शेजारी रिकाम्या बशीवर दुसरा थेंब, तुलनेसाठी. हा दुसरा थेंब पत्रिकेत कोणी सांगत नाही, पण त्याशिवाय निकालाला अर्थ नाही. रंग आधी कागदाच्या कडेला धरतो, एक-दोन मिनिटांत फिकट, मग गडद. पाच ते दहा मिनिटं पाहायचं. त्यानंतर अल्कोहोल उडून जातं, आम्ल सुकतं, कडा पिवळट-तपकिरी होतात. तो रंग वाचायचा नाही. पाच मिलीत साधारण शंभर थेंब निघतात, म्हणजे तुलनेचा थेंब धरून पन्नासेक चाचण्या. पैशाच्या मानाने वाईट नाही.

रंगपत्रिका मात्र टाकाऊ. तिच्यावरचा जांभळा मंदिराच्या पताकेसारखा भडक छापलेला असतो. प्रत्यक्षात पिकलं जांभूळ चुरगळून पांढऱ्या रुमालाला लागावं तसा रंग येतो, आणि कागदावर माल कमी असेल तर त्याहूनही फिका. कोकमाच्या आगळासारखा लाल दिसला तर बहुधा कागदावरच्या चित्राची शाई सुटलेली असते. म्हणून कोपरा शक्यतो न छापलेल्या बाजूचा घ्यावा. पिवळ्या बल्बखाली जांभळा तपकिरी दिसतो. आषाढातल्या काळोख्या दुपारी खिडकीशी नेऊन पाहावं, मोबाइलच्या फ्लॅशवर विसंबू नये.

कोकणात जे बिघडतं ते बहुतेक साठवणीत बिघडतं. हा द्रव ऊन आणि उष्णता दोन्हींनी मरतो. ताजा असताना पाण्यासारखा किंवा किंचित पिवळा, म्हातारा झाला की गडद होत जातो. कुरिअरच्या गोडाऊनमध्ये एप्रिल-मेचे चार दिवस काढून आलेली बाटली पहिल्याच दिवशी पिवळीधमक असेल तर ती परत पाठवावी. घरी फ्रिज हवाच, पण नुसती फ्रिजच्या दारात ठेवलेली बाटली आम्लाची वाफ सोडत राहते, झाकणाभोवतीचं लेबल खाते आणि जवळच्या जाळीला गंज आणते. लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ती बाटली उभी ठेवून मग बरणी फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा बाटली तापते-थंडावते. त्यानंतरचा निकाल पुन्हा खात्री केल्याशिवाय धरू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर इथल्या हवेत अर्ध्या मिनिटात दव धरतं. ते पाणी ड्रॉपरच्या टोकावरून बशीत उतरतं, थेंब पातळ होतो आणि रंग फिका येतो किंवा येतच नाही. मग एलएसडीचा कागदही ‘नापास’ होतो. बाटली दहा मिनिटं बाहेर ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, मगच उघडा. पंखा बंद करा, नाहीतर थेंब पाच मिनिटांच्या आत सुकेल.

द्रव जिवंत आहे का, हे पाहायला एल-ट्रिप्टोफॅनची कॅप्सूल चालते. त्या अमिनो आम्लात इंडोलची कडी आहे. चिमूटभर पूड, एक थेंब, जांभळा आला तर बाटली ठीक. ही पूड किटमध्ये असायला हवी होती. एवढीशी पुडी न देऊन विक्रेत्यांनी काय वाचवलं, कळत नाही.

आता मुद्द्याचं. रंग आलाच नाही आणि ट्रिप्टोफॅनवर मात्र आला, तर कागदावर एलएसडी नाही असं धरून चाला. तिथे किटने पैसे वसूल केले. तो कागद तोंडात जाण्याचं कारण उरलं नाही. एनबोम असेल, डीओबी-डीओसीसारखं दहा-वीस तास न सोडणारं काही असेल, किंवा नुसती शाई असेल, यातलं काय ते हा द्रव सांगत नाही.

रंग आला तर मात्र लोक फसतात. जांभळा म्हणजे ‘कुठलं तरी इंडोल आहे’ इतकंच. 1पी-एलएसडी किंवा एएलडी-52 यांसारखे एलएसडीचे नवे, फारसे न अभ्यासलेले भाऊबंदही जांभळेच होतात. एलएसडी आणि एनबोम एकाच कागदावर असले तरी जांभळाच, कारण एनबोम गप्प बसतं आणि एलएसडी बोलतं. किती आहे, हे रंगाच्या गडदपणावरून कळत नाही; पत्रिकेवर तसं सुचवणाऱ्या छटा छापल्या असतील तर त्या चक्क खोट्या. आणि तपासलेला कोपरा हा उरलेल्या कागदाचा जामीन नव्हे.

किट नसलेले लोक चवीवर जातात: कडू लागलं, जीभ बधिर झाली तर थुंकायचं. एनबोम कडवट लागतं आणि तोंड बधिर करतं हे खरं, आणि एलएसडीला जवळजवळ चवच नसते. पण काहीशे मायक्रोग्रॅमच्या मालात चव कळेपर्यंत तोंडाच्या आतल्या त्वचेतून तो शोषला जायला सुरुवात झालेली असते. तपासणी करायला विष चाखून बघण्यासारखं आहे हे.

चुकलं तर काय होतं? भास आणि घबराट ही पहिली पायरी. मग नाडी धावते, रक्तदाब चढतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस आवरेनासा होतो. गंभीर विषबाधेत फिट्स येतात, अंगाचं तापमान चाळिशीच्या वर जातं, स्नायू वितळू लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंड बंद पडतं. मृत्यूंची नोंद आहे, एकाच मात्रेनंतरच्यासुद्धा. दारू, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, नैराश्याच्या काही गोळ्या आणि विशेषतः लिथियम हे मनोविकारावरचं औषध सोबत असेल तर धोका वाढतो.

किनाऱ्यावर ताप हाच मोठा वैरी. हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, त्यामुळे ओलं फडकं आणि पंखा ही नेहमीची युक्ती अर्धीच लागू पडते. बर्फ लागतो, आणि तो इथे सगळीकडे असतो: मच्छीवाल्यांच्या थर्माकोलच्या पेटीत. फडक्यात गुंडाळून काखेत, जांघेत, मानेच्या बाजूंना लावायचा. पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही, कारण ही उष्णता संसर्गाची नसून ताणलेल्या स्नायूंची असते. माणसाला पालथं दाबून धरू नये. जितकी झटापट, तितका ताप. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावं, तोंडातून पाणीही घालू नये. समुद्रापासून, विहिरीच्या कठड्यापासून आणि गॅलरीपासून लांब ठेवावं.

108 ला फोन करायची वेळ फिट येण्याच्या आधीची आहे: अंग भाजतंय, माणूस ओळखत नाही, हातपाय ताठरलेत, यातलं एक पुरे. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या किंवा ओरोसच्या सरकारी इस्पितळात पोचायला, रायगडाच्या टोकावरून मोठ्या इस्पितळात जायला जो वेळ लागतो तो धरून निर्णय घ्यावा. डॉक्टरांना सरळ सांगावं: कागद घेतला होता, किती वाजता, एर्लिकने रंग दिला की नाही. याला उतारा नाही. डायझेपाम-लोराझेपामसारखी शांत करणारी औषधं, सलाइन आणि थंड करणं हाच उपचार, आणि तो वेळेत झाला तर माणूस सहसा वाचतो. लघवीच्या नेहमीच्या ड्रग पट्टीवर एनबोम दिसत नाही. पट्टी कोरी आली म्हणून ‘काही घेतलं नाही’ असं ठरवून पोराला घरी पाठवलं जाऊ नये, यासाठी किटचा निकाल सांगणं कामाचं ठरतं.

कायद्याचं विक्रेते बोलतच नाहीत. तपासण्यासाठी जवळ ठेवला होता, ही सबब 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात चालत नाही. एलएसडीची ‘अल्प मात्रा’ 0.002 ग्रॅम आणि ‘व्यावसायिक मात्रा’ 0.1 ग्रॅम. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कागदाचं वजनही त्यात धरलं. पाव इंची चौकोन दहा-पंधरा मिलिग्रॅम सहज भरतो, म्हणजे आठ-दहा चौकोनांत माणूस किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या कलमात जाऊन बसतो.

मग घ्यावं का? होमस्टे चालवणाऱ्यांनी नको. खोलीत असा कागद सापडला तर तो तपासत बसणं हे त्यांचं काम नाही, आणि हाताळणं अडचणीचं. घरच्या मुलाच्या पाकिटात सापडला म्हणून आईवडिलांनी मागवायचंही कारण नाही; त्यापेक्षा 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे आणि तिला फ्रिज लागत नाही. ज्याने घ्यायचंच ठरवलंय आणि जो कोणाचं ऐकणार नाही, त्याच्या हातात ही बाटली असणं नसण्यापेक्षा बरं, तेही फक्त ‘नाही’ हे उत्तर मानायची त्याची तयारी असेल तर.

विकत घेताना बनवल्याची तारीख पाहा, नुसती ‘एक्स्पायरी’ नको. झाकण मुलांना न उघडणारं आहे का, बाटली सीलबंद प्लास्टिक नळीत पाठवतात का, हे विचारा. पावसाळ्यात साध्या पाकिटातून आलेली बाटली हमखास पाझरते. वापरलेल्या थेंबावर चमचाभर खाण्याचा सोडा टाका, फसफसणं थांबलं की भरपूर पाण्याने धुवा. उरलेला कागद चुलीत घालू नका आणि खिशातही ठेवू नका. पाण्यात भिजवून लगदा करून संडासात सोडा. बशी परत स्वयंपाकघरात नेऊ नका; तिच्यावर मार्करने फुली मारून ती बरणीच्याच शेजारी ठेवा.