पहिला लेख छापण्यासाठी पैसे मागणारं फुटबॉल मासिक

फुटबॉलवर पहिल्यांदाच लिहिणाऱ्या माणसाला लुबाडणं सोपं असतं. त्याला मानधनाची फारशी पर्वा नसते, नाव छापून यायला हवं असतं. जुने सामने पुन्हा पुन्हा बघून वही भरवणारे असे बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी कुणी पहिला लेख पाठवायच्या बेतात असेल, तर माझ्या बाबतीत जे झालं ते त्याने आधी वाचावं.

माझा लेख बॅकपासच्या नियमावर होता. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी फक्त २.२१. बचावपटूने चेंडू मागे द्यायचा, गोलकीपरने तो उचलायचा, आरामात टप्पे मारायचे आणि वेळ काढायचा, असा सगळा मामला. १९९२ च्या युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला २-० हरवलं, त्यातही डेन्मार्कचा गोलकीपर पीटर श्मायकेल मागे आलेले चेंडू निवांत उचलताना दिसतो. त्याच वर्षी नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मारून दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिलेला मात्र चालतो. १९९७ मध्ये सहकाऱ्याचा थ्रो-इनही, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेरून हाताने फेकलेला चेंडूही, बंदीत आला. आज गोलकीपरच्या पायांचं जे कौतुक होतं त्याची सुरुवात या नियमात आहे, असं माझं म्हणणं होतं.

लेख गेला आणि दुसऱ्याच दिवशी स्वीकारल्याचं पत्र आलं. आपली शैली प्रवाही आहे, विषय वेगळा आहे, वाचकांना लेख नक्की भावेल, वगैरे. त्या पत्रात श्मायकेल नव्हता, गोलकीपर नव्हता, फुटबॉल हा शब्दसुद्धा नव्हता. एखाद्या प्रवासवर्णनाला तेच पत्र धाडलं असतं तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. खरा संपादक असा हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही. तो विचारतो की ११५ हा आकडा कुठून घेतला, तिसरा परिच्छेद पहिल्याच्या आधी का नको, आणि हे सगळं निम्म्या शब्दांत बसेल का. कधी तर नुसतं साभार परत. त्याचा राग येतो खरा, पण त्यात पैशाचा विषय नसतो.

इथे मात्र तो तिसऱ्या पत्रात निघाला. सुरुवातीला 'संपादन साहाय्य शुल्क'. रक्कम बेताने ठरवलेली होती: हो म्हणताना फार विचार करावा लागू नये आणि बुडाली तरी तक्रारीला जायचा कंटाळा यावा, एवढीच. ती भरल्यावर कळलं की लेख इतका आवडलाय की मुखपृष्ठकथा करायचा विचार आहे, फक्त मांडणीचा वेगळा खर्च येईल. मग पत्रकार ओळखपत्र. ते घेतलं की मोठ्या सामन्यांना प्रेस बॉक्समध्ये बसता येईल, असं गाजर. प्रत्येक मागणीला मुदत असायची आणि ती बहुतेक त्याच रात्री संपायची.

ओळखपत्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवख्यांना सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच पडते. प्रेस बॉक्समध्ये कोण बसणार हे सामना भरवणारा क्लब, संघटना किंवा स्पर्धा ठरवते. तुम्ही कुणासाठी लिहिता आणि आधी काय लिहिलंय ते बघून त्या सामन्यापुरती किंवा स्पर्धेपुरती, फार तर मोसमापुरती परवानगी मिळते. क्रीडा पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिचं कार्डही देशोदेशीच्या सदस्य संघटनांमार्फत, काम करणाऱ्या पत्रकारांनाच मिळतं. लेखाबरोबर जोडून विकलेलं प्लास्टिकचं कार्ड दाखवून फाटकावरचा माणूस आत सोडत नाही. माझं कार्ड आलं, त्यावर फोटोही छान छापला होता.

आता त्या 'संपादना'कडे येते. अंकाची पीडीएफ आली तेव्हा लेखावर नाव माझं होतं, मजकूर मात्र यंत्रातून काढल्यासारखा. १९९२ चं १९८२ झालं होतं, त्यामुळे नियम १९९० च्या विश्वचषकाच्या आठ वर्षं आधीच येऊन बसला आणि लेखाचा सगळा डोलाराच कोसळला. डोकं, छाती आणि गुडघ्याचं वाक्य गायब झालं होतं. त्याच्या जागी काय, तर 'सहकाऱ्याकडून आलेला कोणताही चेंडू गोलरक्षक हाताळू शकत नाही'. शनिवार-रविवारी मैदानात शिट्टी वाजवणारा कुठलाही पंच हे वाचून हसला असता, आणि हसं माझं झालं असतं. दुरुस्ती करा म्हणून कळवलं, तर उत्तर आलं की अंक छपाईला गेलाय, फेरबदलासाठी शुल्क आकारलं जाईल.

बिंग फुटलं ते वेगळ्याच वाटेने. त्याच अंकात ऑफसाइडवर लिहिलेल्या एकाशी ओळख झाली होती. अंक कसा वाटला असं विचारलं, तर त्याने आपलं मुखपृष्ठ पाठवलं. अंक क्रमांक तोच, हेडर मारणाऱ्या खेळाडूचं छायाचित्र तेच, कोपऱ्यातली निळी पट्टीसुद्धा तीच. फक्त मुखपृष्ठकथा म्हणून नाव त्याचं होतं. माझ्या प्रतीत तो एकोणिसाव्या पानावर, त्याच्या प्रतीत मी. मांडणीचा खर्च त्यानेही भरला होता. म्हणजे ज्याने पैसे दिले त्याच्यापुरता त्याचा लेख मुखपृष्ठावर! हा अंक बाहेरचा कुणी वाचत असल्याची खूण आम्हा दोघांना कुठेच सापडली नाही. छापलेल्या प्रती तर आल्याच नाहीत. लेखक हेच त्यांचं गिऱ्हाईक होतं. अंकावर आठ अंकी आयएसएसएन दिमाखात छापला होता, पण तो नियतकालिक ओळखण्यापुरता क्रमांक आहे. त्यावरून मासिकाचा दर्जा, वाचक किंवा प्रामाणिकपणा यातलं काहीच ठरत नाही.

पैसे गेल्याचं दुःख थोड्या दिवसांत ओसरलं. जास्त लागलं ते पुढचं. दुसऱ्या एका मासिकाच्या संपादकांना हाच विषय आवडला. त्यांनी पहिलीच विचारणा केली की लेख आधी कुठे प्रसिद्ध झालाय का, हक्क कुणाकडे आहेत. बहुतेक मासिकांना प्रथम प्रकाशनाचा हक्क हवा असतो. एकदा छापून गेलेल्या लेखात त्यांना रस राहत नाही. मी स्वीकृतीबरोबर आलेला फॉर्म काढला. त्याच्या सातव्या कलमात 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द होते, त्यावर माझी सही. वर लेखावरून कुणी कायदेशीर दावा केलाच तर खर्च लेखकाने सोसायचा, हेही त्यातच. लेख असा फुकट खर्ची पडला.

लेख लिहिला की त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचा होतो. १८८६ च्या बर्न कराराला जोडलेल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. तो तुमच्या हातून जातो तो अशा सहीने. साधं पत्र पुरेसं असतं: प्रथम प्रकाशनाचा हक्क मासिकाला, इतक्या महिन्यांपर्यंत दुसरीकडे छापायचं नाही, नंतर लेखक मोकळा. मानधन असेल तर किती आणि कधी. नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. छोटी, प्रामाणिक मासिकं मानधन देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यासाठी लिहिण्यात काही कमीपणा नाही. उलट लेखकाकडूनच पैसे काढणारं मासिक मला आता पहिल्या ओळीत कळतं.

मी लेख मागे घेत असल्याचं कळवलं, तर 'माघार शुल्क' मागितलं. ते भरलं नाही. फॉर्म, पत्रं, दोन्ही मुखपृष्ठं आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या एकत्र करून बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. ऑफसाइडवाल्यानेही दिली. एकाच अंकाची दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवल्यावर फारसं समजावून सांगावं लागलं नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत.

मासिकाने आता नाव बदललंय. नव्या नावाने आलेलं पत्र एका ओळखीच्या मुलीने मला दाखवलं, तिचा लेख पेनल्टी शूटआउटवर आहे. शैली प्रवाही आणि विषय वेगळा, हे तिलाही कळवलेलं आहे. फॉर्म तोच, सातवं कलम तेच. असं पत्र आलं तर उत्तर द्यायच्या आधी मागच्या अंकातल्या दोन लेखकांना गाठा आणि त्यांच्याकडचं मुखपृष्ठ मागवून घ्या.