एका पावतीवर किती खेपा?

आमच्या गावात 'रॉयल्टी' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गंगाखेडच्या पुढं, गोदाकाठाला आमचं गाव. दादाचं ट्रॅक्टर मुरूम-वाळूवर चालतं. रस्त्यात तलाठ्यानं अडवलं की पहिला सवाल एकच, "रॉयल्टी हाय का?" म्हणजे पावती आहे का. सरकारी कागदावर तिलाच स्वामित्वधन लिहितात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि 2021 पासून मुरमाला ब्रासमागं 600 रुपये. पैसे भरायचे, पावती घ्यायची, माल न्यायचा. रॉयल्टी म्हणजे आपण सरकारला भरायचे पैसे, एवढाच अर्थ मला वयाच्या 52 व्या वर्षापर्यंत ठाऊक होता.

याच शब्दाच्या आडून माझं गाणं गेलं. आपल्याकडं गाणी लिहिणारी पोरं गावोगाव आहेत आणि मी सही केली तसाच कागद आता त्यांच्यापुढं येतोय, म्हणून सगळं लिहून काढतो.

पुतणीच्या लग्नात मी हळदीचं गाणं लिहिलं. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, इथं जात्यावरच्या ओव्या ऐकतच माणूस मोठा होतो. आई दळताना जी चाल धरायची तिचा ठेका माझ्या कानात होता, पण गाण्याचे शब्द माझे आणि चालही मीच बांधलेली. वहिनीनं ते मांडवात म्हटलं, कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि चार दिवसांत ते सगळ्या तालुक्यात फिरलं.

महिनाभरात संभाजीनगरहून एक जण घरी आला. गाण्यांचे व्हिडिओ काढणारी कंपनी होती त्याची. बोलायला फार गोड. म्हणाला, "गुरुजी, बाकीचे लोक नुसतं मानधन देतात. आम्ही तुम्हाला रॉयल्टी देणार." मला 11,000 आणि वहिनीला 5,000. शंभराच्या स्टॅम्पवर इंग्रजीत चार पानं, आणि वर एक पावती, तिच्यावर ठळक अक्षरात 'रॉयल्टी'. मी सही केली. खरं सांगतो, त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. शाळेत पोरांना कविता शिकवण्यात जन्म गेला, आणि आपल्या स्वतःच्या शब्दांना कुणी पैसे दिले होते.

पुढच्या लग्नसराईत परळीपासून परभणीपर्यंत प्रत्येक मांडवात ते वाजायला लागलं. यूट्यूबवर बघणाऱ्यांचा आकडा लाखांत गेला. व्हिडिओखाली लिहिलेलं होतं, 'गीत : पारंपरिक'. वहिनीचं नाव कुठंच नव्हतं. पैशाचा विचार मनात नंतर आला. आधी ते 'पारंपरिक' वाचून जिवाला लागलं.

फोन केला. तिकडून उत्तर, "रॉयल्टी तर दिली ना गुरुजी. पावतीवर सही आहे तुमची."

मी गप्प झालो. माझ्या डोक्यात मुरमाचा हिशेब होता : पैसे दिले, पावती झाली, माल त्यांचा. डोळे उघडले ते दादानं. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. कागद उलटसुलट करून त्यानं विचारलं, "ह्या पावतीवर ब्रास किती?" म्हटलं, गाण्याला कुठले ब्रास? तर म्हणाला, "आपल्या पावतीवर ब्रास असतो, तारीख असती, वेळ असती. वेळ टळल्यावर तीच पावती दाखवून दुसरी खेप मारली तर ट्रॅक्टर तहसीलला जाऊन उभं राहतंय. मग हे लोक एका पावतीवर किती खेपा मारू लालेत?"

परभणीच्या वकिलांनी नंतर जे सांगितलं ते याच्याहून वेगळं नव्हतं. रॉयल म्हणजे राजाचा. जमिनीखालची खनिजं राजाच्या मालकीची, ती काढणाऱ्यानं राजाला वाटा द्यायचा, तिथून हा शब्द आला. पुढं तोच शब्द यंत्राचा शोध लावणाऱ्याला आणि पुस्तक लिहिणाऱ्याला मिळणाऱ्या वाट्यासाठी वापरात आला. मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, म्हणून जेवढा वापर तेवढा वाटा. एकदाच रक्कम देऊन सगळे हक्क कायमचे घेतले तर ती सरळ विक्री झाली. माझ्या कागदात तेच होतं : 'एकरकमी', 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'सर्व माध्यमांत'. पावतीवर मात्र रॉयल्टी.

पण गाण्याच्या बाबतीत अशी विक्रीही पुरी होत नाही, हे मला माहीत नव्हतं. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून जी रॉयल्टी येईल तिच्यात गीतकाराचा आणि संगीतकाराचा, हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीनं वाटा असतो, आणि तो सोडून देता येत नाही. तो वारसांना देता येतो, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडं सोपवता येतो. याच्या उलट काही लिहून घेतलं असेल तर तेवढा भाग रद्दबातल. व्यावसायिक वापर असेल तर गाणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे, म्हणजे वहिनीलाही. आता 'पारंपरिक' कशासाठी लिहिलं ते कळतं. परंपरेला वारस नसतो, हिशेब मागणारं कुणी नसतं. आणि नावाचं म्हणाल तर कलम 57 प्रमाणे, हक्क विकल्यावरसुद्धा 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडंच राहतो.

आता कुणी रॉयल्टी देतो म्हणालं तर विचारा, कशावर, किती टक्के, किती वर्षं, आणि हिशेब कधी देणार. करारात रॉयल्टीची रक्कम लिहिलेली असावी असं कायद्यातच आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, पण 'कायमस्वरूपी' हा शब्द खाली सही करून तुम्हीच मान्य केला की ती सोयही गेली. इंग्रजी कागद असेल तर दोन दिवस घरी ठेवायला मागा. माझ्याकडच्या माणसानं "स्टुडिओची तारीख चुकंल" म्हणून जागेवर सही घेतली. शब्दांची साहित्यकृती म्हणून नोंदणी 500 रुपयांत होते. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो, पण भांडायची वेळ आली की पुरावा लागतो. मी तर नशिबानं वाचलो. लग्नाआधी वहीचं पान पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, ते तारखेसकट सापडलं. मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 पासून आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटते. तिचं नाव मी वकिलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नोटीस गेली. तीन आठवड्यांनी 'पारंपरिक' निघालं आणि माझं नाव आलं, वहिनीचंही आलं. पैशाबद्दलच्या उत्तरात तेच, रॉयल्टी 'पूर्ण व अंतिम' दिली आहे. वकिलांनी उलट एवढंच मागितलं आहे, गाणं कुठं कुठं वापरलं, कुणाकडून किती आले, त्याचा हिशेब द्या. तो अजून आलेला नाही. परवा शेजारच्या गावात हळदीला गेलो तर तिथं तेच लागलं होतं. वहिनी ओट्यावर बायकांत बसली होती. शेजारणीला म्हणाली, "ह्यो माझा आवाज हाय, बघा."