"लाइफटाइम लायसन्स"वालं टेबल प्लगिन घ्यायच्या आधी हे वाचा

ज्यांना कोडिंग येत नाही पण स्वतःची, दुकानाची, संस्थेची नाहीतर गावाची वर्डप्रेस साइट स्वतःच सांभाळतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखे मेसेज फिरत असतात, "प्रीमियम प्लगिन, लाइफटाइम लायसन्स, कितीही साइटवर चालवा, फक्त अडीच हजार". तसलंच एक टेबल प्लगिन, म्हणजे साइटवर तक्ते दाखवायला वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, आमच्या गळ्यात मारलं गेलं. त्यात फसवणूक नेमकी कुठं असते हे विकणारा कधीच सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमची साइट म्हणजे तालुक्यातल्या एसटीच्या वेळा. आगारातून कुठली गाडी कधी सुटते, कुठल्या मार्गे जाते, मुक्कामी गाडी कुठल्या गावात थांबते, शाळेच्या सुट्टीत कुठली फेरी बंद असते, असं सगळं. कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं रोज बघतात ते. आधी आम्ही बोर्डाचा फोटो टाकायचो, पण फोटोत गावाचं नाव शोधता येत नाही आणि मोबाइलवर मोठा करून करून डोळे दुखतात. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ च्या ५.० व्हर्जनपासून साधा टेबल ब्लॉक आहे पण त्यात सर्च नाही, सॉर्टिंग नाही, पाच-सहा कॉलम झाले की मोबाइलवर सगळं चेंगरतं. म्हणजे प्लगिन लागणारच होतं.

तेव्हा ग्रुपमधला एक वेबसाइटवाला म्हणाला दादा माझ्याकडं प्रीमियम आहे, तुम्ही फक्त ॲडमिनचा लॉगिन द्या बाकी सगळं मी करतो. पैसे घेतले, झिप फाइल अपलोड केली, सेटिंगमध्ये हिरव्या अक्षरात "लायसन्स ॲक्टिव्ह" दिसायला लागलं आणि टेबलंही छान दिसत होती, सर्च चालत होता, लोकांचे फोन आले की आता लगेच सापडतं म्हणून. त्यामुळं शंका यायला काही कारणच नव्हतं.

पुढं वर्डप्रेसचं मोठं अपडेट आलं आणि निम्मी टेबलं कोरी. प्लगिनचं अपडेट दाबलं की एरर. त्याला विचारलं तर आज बघतो, उद्या बघतो. शेवटी प्लगिन बनवणाऱ्या मूळ कंपनीला आम्हीच ईमेल केला, त्यांनी खरेदीचा कोड मागितला आणि तो कोड आमच्याकडं नव्हताच, कारण त्यानं कधी काही विकत घेतलंच नव्हतं. ते होतं नल्ड प्लगिन, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या प्लगिनमधली लायसन्सची तपासणी काढून टाकलेली कॉपी. ते हिरवं "ॲक्टिव्ह" पण त्या कॉपीतच बसवलेलं होतं.

इथपर्यंत असतं तर अडीच हजार गेले म्हणून सोडलं असतं. पण एका मुलीचा फोन आला की काका गुगलवरून तुमची साइट उघडली की जुगाराची कसली तरी साइट उघडते. आम्ही बघितलं तर व्यवस्थित. पुन्हा बघितलं, व्यवस्थित. हे लोक कोड असा लिहितात की जो लॉगिन करून येतो त्याला काहीच दिसत नाही, फक्त गुगलवरून मोबाइलवर येणाऱ्या माणसाला दुसरीकडं ढकलतात, त्यामुळं साइटच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. गुगलमध्ये आमच्या साइटचं नाव टाकलं तर खाली जपानी अक्षरातल्या पानांची रांग. मग होस्टिंगवाल्यांनी अकाउंटच बंद केलं आणि त्याच अकाउंटवर माझ्या भाचीच्या शिवणक्लासची साइट होती तीही गेली. तिचा ह्या प्लगिनशी काडीचाही संबंध नव्हता. वर्डफेन्स ही वर्डप्रेसच्या सुरक्षेवर काम करणारी कंपनी आहे, तिनं २०१९ मध्येच डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या मालवेअरबद्दल, म्हणजे साइटमध्ये लपून घात करणाऱ्या कोडबद्दल, सांगितलेलं की ते नल्ड थीम आणि प्लगिनमधूनच पसरतं आणि एका साइटवरून त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या साइटमध्ये शिरतं. आमच्याकडं तेच होतं की दुसरं काही ते मी सांगू शकत नाही, पण रीत तीच.

आणि कळस म्हणजे त्याच माणसानं आम्हाला सांगितलं की तुमची साइट हॅक झालीय, साफ करायचे सहा हजार होतील. ते दिले नाहीत. दुसऱ्या एका जाणकार पोरानं साइट साफ करून दिली तेव्हा युजर्सच्या पानावर वर आकडा तीन आणि खाली यादीत नावं दोनच, तिसरा ॲडमिन लपवलेला. आमचा लॉगिन घेऊन आत शिरलेल्या माणसानं लावलेलं प्लगिन, त्यातून लपलेला ॲडमिन, वर साफसफाईचे पैसे. ह्याला धंदा म्हणायचं नाही, ही चोरी आहे.

त्याचं एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पकडला की हे लोक तेच बोलतात, "हे जीपीएल आहे, कायदेशीर आहे". अर्धं खरं आहे ते. जीपीएल म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला, बदलायला, वाटायला मोकळा ठेवणारं लायसन्स. वर्डप्रेस त्यावर आहे, बरीच प्लगिनंही, आणि जीपीएल कोडची कॉपी दुसऱ्याला द्यायला, अगदी विकायलाही मनाई नाही. पण आम्हाला त्यानं नुसती कॉपी विकली नव्हती, लाइफटाइम अपडेट आणि सपोर्ट विकला होता, आणि ती गोष्ट मूळ कंपनीशिवाय कुणाकडंच नसते. जे आपलं नाहीच ते विकलं. म्हणून कुणी प्रीमियम प्लगिन बसवून देतो म्हणाला तर एवढंच म्हणा की कंपनीच्या साइटवर माझ्या ईमेलनं अकाउंट उघडा, पैसे मी माझ्या कार्डनं भरतो, तुमची मजुरी वेगळी देतो. प्रामाणिक माणूस लगेच हो म्हणतो. काही जणांकडं खरंच एजन्सीचं, म्हणजे ग्राहकांच्या साइटवर वापरायचं, लायसन्स असतं, त्यात वावगं काही नाही, पण मग ते दरवर्षी रिन्यू कोण करणार आणि त्यानं काम सोडलं तर काय हे आधी विचारून घ्या.

दुसरं नुकसान टेबलांचंच झालं. प्लगिन काढलं की पानावर चौकटी कंसातला शॉर्टकोड, म्हणजे इथं टेबल दाखव असं प्लगिनला सांगणारी खूण, तेवढा उरतो आणि आमचा सगळा डेटा त्या प्लगिनच्या स्वतःच्या डेटाबेस टेबलात अडकलेला, कारण त्यात एक्स्पोर्टचं बटण दाबलं की परत लायसन्स मागायचं. त्या पोरानं डेटाबेसमधून तो उपसून काढला. म्हणून कुठलंही प्लगिन घ्या, पहिल्याच दिवशी दोन ओळींचं टेबल करून ते सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर निघतं का बघा, निघत नसेल तर पुढं जाऊच नका.

आता आम्ही टेबलप्रेस वापरतो. टोबियास बेटगे नावाच्या जर्मन माणसाचं आहे, वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत फुकट मिळतं, सर्च, सॉर्टिंग, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट सगळं फुकटात येतं. मोबाइलवर टेबलाची मांडणी बदलायची सोय त्यांच्या पैशाच्या व्हर्जनमध्ये आहे, पण आडवं सरकवायची सोय फुकटात आहे आणि आमचं तेवढ्यावर भागतं. म्हणजे जे फुकट मिळत होतं त्याच्याचसाठी आमच्याकडून पैसे घेतले, ह्याचा राग जास्त येतो. डिरेक्टरीतलं प्लगिन असलं तरी शेवटचं अपडेट कधीचं ते बघा, आणि वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या व्हर्जनवर तपासलेलं नाही अशी पिवळी पट्टी दिसली तर सोडून द्या.

मराठीत टेबल करणाऱ्यांसाठी जाता जाता, "सकाळी ६.१५", "दुपारी २.३०" असं लिहिलं तर सॉर्टिंगमध्ये दुपारच्या गाड्या वर येतात आणि सकाळच्या तळाला जातात. ०६:१५, १४:३० असं पुढं शून्य लावून लिहा, मराठी आकड्यातही बरोबर लागतं. आणि एक्सेलमधून फाइल काढताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी गावं प्रश्नचिन्हं होतात.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चॅट जोडून तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत. तो माणूस नंबर बदलून दुसऱ्या ग्रुपमध्ये तीच जाहिरात टाकतोय असं परवा कळलं. तुमच्या साइटवर कुणी अशी झिप टाकलेली असेल तर आजच युजर्सच्या पानावरचा आकडा आणि नावं जुळतात का बघा, मोबाइलवर लॉगिन न करता गुगलवरून स्वतःची साइट उघडून बघा, आणि काही वेगळं दिसलं तर त्याला फोन करायच्या आधी ॲडमिनचा, होस्टिंगचा, ईमेलचा पासवर्ड बदला.