एअर प्युरिफायर, आठ महिन्यांनंतर (रिव्ह्यू सायनसवाल्या नाकाकडून)

पहिल्या आठवड्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता आणि तो पण उगाच, कारण चूक माझी होती. खोक्यातून मशीन काढलं, प्लग लावला, निळा लाईट लागला, थोडाफार वारा पण यायला लागला, म्हटलं झालं काम. अकरा दिवस तसंच चालवलं. बाराव्या दिवशी धूळ पुसायला म्हणून मागचं झाकण काढलं तर आतला फिल्टर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद 😅 "पिशवी काढून मग वापरा" असा स्टिकर आहे, पण तो झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय दिसणारच नाही. हा डिझाईन करणाऱ्याला माझा नमस्कार. तुमच्याकडे नवीन मशीन आलं असेल तर हे वाचायचं सोडा आणि आधी पिशवी बघून या.

आता मशीन का घेतलं ते. तीन वर्षं सायनस. गालाच्या हाडाखाली जड जड, खाली वाकलं की कपाळात काहीतरी धपकन पुढे येतं, घशात मागून सारखं काहीतरी उतरत राहतं आणि वास तर जवळजवळ गेलेलाच. मी आपली सर्दी सर्दी म्हणत वाफ घेत बसले होते. शेवटी ईएनटीने (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी) नाकात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, बारा आठवड्यांच्या वर चाललंय, ही सर्दी नाही, ही आतल्या अस्तराची जुनी सूज आहे. मग विचारलं, झोपता त्या खोलीची खिडकी कुठे उघडते? रस्त्यावर, म्हटलं. ट्रक रात्रीच जातात.

मला जे समजलं ते असं, की 2.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक कण म्हणजे पीएम 2.5, आणि आपला केस साधारण 60-70 मायक्रॉन जाड, म्हणजे किती बारीक ते बघा. मोठी धूळ नाक अडवतं, बारीक कण फुफ्फुसापर्यंत जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातले काही जाताजाता नाकातच बसतात हे कोणी सांगत नाही. नाकाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड हे कण सैल करतात. वरचे बारीक केस सतत हलून शेंबूड मागे ढकलत असतात, तेही मंदावतात. अस्तर सुजलं की सायनसचं, म्हणजे गाल-कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांचं, इवलंसं तोंड बंद, आत साचलेलं बाहेर येईना, की परत सूज. प्रदूषण हे एकच कारण नसतं हां, ॲलर्जी असते, पॉलिप (नाकात वाढलेले मऊ गोळे) असतात, पण आधीच सुजलेल्या नाकाला रोज रात्री धूर म्हणजे जखमेवर मीठच.

तर मशीन. आत एच13 हेपा फिल्टर आहे. मला वाटायचं हेपा म्हणजे बारीक चाळणी, पण तसं नाहीये. सगळ्यात बारीक कण हवेत इकडेतिकडे वेडेवाकडे फिरतात आणि धाग्यांना जाऊन चिकटतात, मोठे सरळ जाऊन आपटतात, पकडायला सगळ्यात अवघड ते मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे. फिल्टरचं ग्रेडिंग त्या अवघड कणांवरच होतं, म्हणून एच13 ग्रेडचा फिल्टर 99.95 टक्के कण अडवतो हा आकडा खोटा नाही. पण तो फिल्टरचा आकडा आहे, तुमच्या खोलीचा नाही!!

खोलीसाठी बघायचं ते सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो. माझी खोली 4 बाय 3 मीटर, उंची 2.8, म्हणजे 34 घनमीटर धरा. तासाला पाच वेळा हवा फिरायला हवी तर 170 लागतो. खोक्यावर 300 लिहिलंय, वा वा, पण ते फुल स्पीडला, आणि फुल स्पीडला आई म्हणते अगं ते विमान बंद कर. स्लीप मोडचा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडला, 75. म्हणजे तासाला धड सव्वादोन वेळाही नाही. आता मी झोपायच्या आधी तासभर दार-खिडक्या लावून विमान उडवते आणि मग मधल्या स्पीडवर ठेवते. स्लीप मोड विसरा.

ऑटो मोड पण विसरा. सेन्सर मशीनच्या अंगातच आहे, तो स्वतःच गाळलेली हवा हुंगतो आणि खूश होतो. मी नणंदेचा पीएम 2.5 मोजणारा छोटा मीटर आणून उशीशी ठेवला, मशीनवर 8 आणि उशीशी 31. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2021 मध्ये पीएम 2.5 ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम केली आहे, म्हणजे मशीन हिरवा लाईट लावून पास आणि मी दुपटीने नापास. जागा बदलून पलंगाच्या डोक्याशी आणलं तेव्हा उशीशी 12 वर आलं. (हे घरगुती मीटर दमट हवेत जास्त दाखवतात, पण फरक तर फरकच ना.)

आयनचं बटण आहे त्याला मी चिकटपट्टी लावली आहे. असे आयनायझर ओझोन सोडू शकतात आणि ओझोन नाकाला झोंबतो, मग उपयोग काय. फिल्टर बदलायचा लाल लाईट फक्त तास मोजतो, घाण बघत नाही. आणि गॅस, धुराचा वास वगैरे हेपाला जमत नाही, त्याला कार्बनचा थर लागतो, यात तो नावापुरता आहे.

नाकाचं काय? सकाळचं कपाळ हलकं झालं, उठल्या उठल्या वीस मिनिटं खाकरायचे ते पाचवर आलं. पण खरं सांगायचं तर अर्धं श्रेय मिठाच्या पाण्याने रोज नाक धुण्याला (पाणी उकळून गार केलेलं, थेट नळाचं कधीच नाही) आणि डॉक्टरांच्या स्टिरॉइड स्प्रेला. मध्ये दोन आठवडे धुणं बंद केलं, मशीन चालूच होतं, तरी जडपणा परत आला. उलटं करून बघितलं नाही, हिंमत नाही झाली.

साडेतीन स्टार. अर्धा स्टार पिशवीचा कापला. गेल्या आठवड्यात फिल्टर बदलायला काढला, पांढऱ्याचा उंदराच्या रंगाचा झालेला, आणि मला त्याचा वास आला. ओल्या फडक्यासारखा, घाणेरडा. तीन वर्षांत पहिल्यांदा मला नवऱ्याच्या आधी वास आला, मी तो फिल्टर घेऊन घरभर फिरले आणि सगळ्यांना हुंगायला लावला.