बदामी लेदर सीटवरचे डाग : सात महिने साफसफाई केल्यानंतर

गाडी सेकंडहँड, पण आतल्या बदामी लेदर सीट बघून मी लगेच होकार दिला होता. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून परतलो आणि त्याच सीट गुलाबी झाल्या. केसांत, खिशात, कॉलरमध्ये अडकलेला सगळा गुलाल तिथं उतरला. मी ओला फडका घेऊन पुसायला लागलो, तिथंच चुकलं. कोरडा होता तोवर तो नुसती पूड होता. पाणी लागल्यावर त्याचा रंग झाला आणि शिलाईच्या दोऱ्यात जाऊन बसला. श्रावण षष्ठीच्या खेपेला आधी व्हॅक्युम फिरवला, मग कोरडा मऊ ब्रश, आणि शेवटी जेमतेम ओलसर कापड. अर्ध्या तासात सीट स्वच्छ. दोऱ्यातली चैत्रातली गुलाबी छटा मात्र अजून तशीच आहे.

यात्रेनंतर लगेच मी पाव लिटर लेदर क्लीनर, मऊ केसांचा ब्रश आणि मायक्रोफायबरची चार कापडं आणली. क्लीनर पाण्यावर आधारलेला, पीएच न्यूट्रल (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही). कंपनी कुठलीही चालेल, बाटलीवर हे दोन शब्द बघून घ्या. क्लीनर सीटवर थेट मारत नाही, ब्रशवर घेतो, कारण माझ्या सीटला बारीक भोकं आहेत आणि पातळ काहीही आतल्या फोमपर्यंत जातं. एका वेळी तळहाताएवढीच जागा, हलक्या हातानं फेस, आणि तो वाळायच्या आत पुसायचा. रोजची मळ आणि स्टेअरिंगवरचा हाताचा चिकटपणा यानं सहज जातो.

तांबड्या रश्श्याचा डाग एवढा सोपा नव्हता. पार्सलचं झाकण निघालं आणि कट मागच्या सीटवर सांडला. टिपून घेतला, पण घाईत कपड्याच्या साबणाचं पाणी लावलं. पिवळा डाग बघता बघता लालसर झाला! सीट कायमची गेली असं वाटून पोटात गोळा आला. मग डोक्यात आलं, हळदीत चुना कालवूनच तर कुंकू करतात. साबणही अल्कलीच. साध्या पाण्याच्या कापडानं साबण काढल्यावर रंग परत पिवळा झाला. तेलकटपणा क्लीनरनं दोन वेळा घासून गेला. उरलेला पिवळेपणा मी घासलाच नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो म्हणून आठवडाभर दुपारी गाडी अशी लावली की त्या बाजूला ऊन येईल. आता दाखवल्याशिवाय डाग दिसत नाही.

तेल लावावं का, हे विचारायला मी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या कारागिरांकडे गेलो होतो. कोल्हापुरीला आपण तेल लावतोच. त्यांनी सीटवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे आमचं चामडं न्हवं साहेब. ह्याच्यावर रंग चढवलाय. तेल वरच ऱ्हाईल आन् धूळ धरंल." घरी येऊन पाण्याचा थेंब टाकून पाहिला. तो मोत्यासारखा वर उभा राहिला, मुरला नाही. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, उघडं. ते तेल पितं. गाडीच्या बहुतेक सीटवर रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर असतो. म्हणजे आपण चामडं नाही, तो पातळ थर साफ करत असतो. हे कळल्यावर दर पंधरवड्याला कंडिशनर चोपडणं मी बंद केलं. थेंब मुरला तर मात्र चामडं उघडं आहे, तिथं माझी ही पद्धत वापरू नका.

याच कारणासाठी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि तो पांढरा 'मॅजिक' स्पंज सीटजवळ आणू नका. तो स्पंज म्हणजे मेलामाइनचा फोम, बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो. एका वॉशिंग सेंटरमध्ये ड्रायव्हर सीटच्या कडेला तो फिरवला. डाग गेला, पण तिथली चकाकीही गेली, आणि आता नेमकी तीच जागा सगळ्यात लवकर मळते.

जे निघालं नाही तेही सांगतो. नव्या जीन्सची निळाई फिकी झाली, गेली नाही. रंग थरात उतरलेला आहे. मुलीच्या बॉलपेनची रेघ जशीच्या तशी. ती रंगकाम करणाऱ्याकडूनच झाकून घ्यावी लागेल.

पावसाळ्यात गाडी बारा दिवस बंद होती, तर मागच्या सीटवर पांढरी बुरशी धरली. सीट उघडीप बघून बाहेरच कोरड्या कापडानं पुसल्या, ते कापड टाकून दिलं, मग क्लीनर फिरवला आणि दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवल्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा गाडी रंकाळ्यापर्यंत काचा खाली करून फिरवतो. बुरशी परत आली नाही.

बाटली अजून पाव शिल्लक आहे. एक सवय मात्र सोडलेली नाही: घासताना पांढरंच कापड घेतो. दिवाळीच्या साफसफाईत जीन्सच्या डागावर तिसऱ्यांदा हात चालवत होतो, आणि कापडावर निळ्याबरोबर बदामी रंग दिसला. तिथंच हात थांबवला.